ब्लाउज नंतर, आधी खोळ: जुन्या सोफ्यासाठी घरच्या मशीनवर शिवण

शिवणक्लासात पहिला धडा झबल्या-टोपड्याचा, मग परकर, मग ब्लाउज. मुंढ्याची गोलाई आणि कटोरी आली की निम्म्या जणी-जणांचं मशीन परत झाकणाखाली जातं. सोफ्याच्या गादीला ना मुंढा ना गळा. सगळ्या टिपा सरळ, चार कोपरे काटकोनात, आणि गादी दिवाळीनंतर जाड होत नाही. ज्याला शिवण शून्यापासून शिकायचं आहे त्याने खोळीपासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिकता शिकता घरातली जुनी बैठकही नवी दिसायला लागते.

कुठलं फर्निचर घ्यायचं, हे आधी ठरवा. लाकडी चौकटीचा सोफा आणि त्यावर सुट्या गाद्या, ही रचना शिकाऊ हातासाठी सगळ्यात सोयीची. दिवाण, खिडकीतली बैठक, बांबूच्या खुर्च्या यांचंही तेच. ज्या सोफ्याचं कापड चौकटीवर ताणून पिना मारून बसवलेलं असतं, तो सध्या सोडून द्या. ते काम शिवणाचं कमी आणि सुताराचं जास्त.

मशीन आणि पहिले दोन दिवस

घरात आजीचं काळं, पायाचं मशीन पडून असेल तर नवीन घ्यायच्या भानगडीत पडू नका. जाड कापडाचे चार-पाच थर ओलांडायचे असतात तेव्हा हे लोखंडी मशीन प्लॅस्टिकच्या हलक्या मशीनपेक्षा जास्त इमानदार ठरतं. झिगझॅग नाही, ही त्याची एकच अडचण. त्यावर उपाय सोपा आहे: कापलेल्या कडा पिको-फॉलच्या दुकानातून इंटरलॉक करून, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून दोऱ्याने वेढून, आणायच्या.

वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन आधी साफ करा. सुईखालची पत्री काढून कापड सरकवणाऱ्या दातांमधला कापूस जुन्या टूथब्रशने झाडा, शटलच्या, म्हणजे बॉबिन बसते त्या, जागेतले दोऱ्याचे तुकडे काढा, मग प्रत्येक तेलाच्या भोकात मशीनच्या पांढऱ्या तेलाचा एकेक थेंब. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल घालू नये, ते काही दिवसांत चिकट होऊन मशीन जड करतं. तेल घातल्यावर चिंधीवर पाच मिनिटं नुसतं चालवा, नाहीतर पहिला काळा डाग नव्या कापडावर पडतो.

सुई 16 नंबरची घ्या. साध्या चादरीच्या कापडाला 14 चालते, जाड कॅनव्हासला आणि जीन्सच्या घड्यांना 18. सुई कशी बसवायची याचा एकच नियम लक्षात ठेवला की कुठल्याही मशीनवर चूक होत नाही: सुईच्या अंगावरची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला, आणि दांड्याची सपाट बाजू त्याच्या उलट. सुई वरपर्यंत टेकवूनच स्क्रू कसा. टाके सुटत असतील तर दहातल्या नऊ वेळा दोष सुईचा असतो, मशीनचा नव्हे. ती वाकलेली, बोथट किंवा उलटी बसवलेली असते. एका सोफ्याला दोन-तीन सुया लागतील असं धरूनच आणा.

दोरा पॉलिएस्टरचा, तीन पदरी. ब्लाउजसाठी आणलेलं बारीक रीळ गादीवर माणूस बसला की कोपऱ्यात तुटतं.

पहिल्या दिवशी दोरा ओवूच नका. रेघांच्या वहीचं पान सुईखाली ठेवून रेघेवरून मशीन चालवा. भोकं रेघेवर पडली की हात बसला. मग चौकोनात चौकोन काढून तसंच: कोपऱ्याला थांबायचं, सुई कागदात खाली ठेवायची, फूट (सुईजवळचा कापड दाबून धरणारा पाय) उचलायचा, कागद 90 अंशात फिरवायचा, फूट खाली, पुढे. खोळ शिवताना हीच हालचाल चाळीस वेळा करायची आहे, तेव्हा इथे कंटाळू नका. (कागदावर चालवलेली सुई बोथट होते. ती सरावासाठीच बाजूला ठेवा.)

दुसऱ्या दिवशी दोरा ओवून, जुन्या चादरीच्या दोन पदरांवर. दोरा ओवताना फूट वर असला पाहिजे. फूट खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरत नाही, आणि कापडाखाली दोऱ्याचं घरटं तयार होतं. खालच्या बाजूला सैल फासे दिसले तर बिघाड वरच्या दोऱ्यात आहे, हे नवशिक्यांना पटायला वेळ लागतो. सगळे बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, मागे लागतात. बॉबिन केस तपासायची तर दोरा धरून ती हवेत लटकवा आणि हलका झटका द्या: दोन-तीन इंच खाली येऊन थांबली की ताण बरोबर. सरसर खाली आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट.

टाक्याची लांबी इंचाला 8 टाके. बारीक टाका मजबूत असतो हा समज जाड कापडात उलटा पडतो. फार जवळ भोकं पडली की कापड तिकीट फाडल्यासारखं त्या रेषेवर फाटतं. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा इंच उलटी, म्हणजे मागे येणारी, टीप मारा, आणि पहिले चार टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे बोटाने धरून ठेवा.

कापड

फर्निशिंगच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुतेक वेळा 54 इंच असतो, ड्रेसच्या कापडाचा 36 किंवा 44. मीटरचा भाव विचारायच्या आधी पन्हा विचारा. 36 पन्ह्याचं स्वस्त वाटणारं कापड 22 इंची गादीसाठी महाग पडतं, कारण आडवा एकच तुकडा निघतो आणि फूटभर चिंध्या उरतात.

पहिल्या सोफ्याला मॅटी, जाड कॉटन किंवा पातळ कॅनव्हास घ्या. सरकत नाही, इस्त्री धरतं, खडूची खूण दिसते. वेलवेट दुकानात कितीही मोहक दिसलं तरी आत्ता नको: दोन थर एकमेकांवर सरकतात आणि त्याची लव सगळीकडे एकाच दिशेला ठेवावी लागते, नाहीतर एक गादी गडद आणि शेजारची फिकी दिसते. रेक्झिनला टाचणी टोचली की भोक कायमचं राहतं, टीप उसवली तरी तेच. ते टाचणीऐवजी कपड्यांच्या चिमट्यांनी धरतात, इंचाला 6 टाके घालतात, आणि फुटाला चिकटू नये म्हणून वर हलकी टाल्कम पावडर लावतात. दुसऱ्या वर्षाचं काम.

घरातलं कापडही वापरता येतं. सोलापुरी चादर मूळचीच जाड आणि घट्ट विणीची, दिवाणाच्या खोळीला झकास. फक्त तिची नक्षी मधोमध येईल असं आखून कापावं लागतं. सुती साडी एकटी टिकत नाही. तिला मागून मांजरपाटाचं अस्तर लावा, दोन्ही कापडं एकत्र कापा आणि कडेने कच्ची, म्हणजे लांब टाक्याची, टीप मारून एकच कापड असल्यासारखी शिवा.

सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. मांजरपाटही. हे टाळलं तर पहिल्या धुण्यानंतर खोळ गादीवर चढत नाही, आणि त्याला नंतर काहीही इलाज नाही. गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात घासून पाहा. फडक्याला लागलेला रंग उद्या पाहुण्यांच्या पांढऱ्या लेंग्याला लागणार असतो.

हात बसवायला: आरामखुर्चीचं कापड

माळ्यावर किंवा गॅलरीत पडलेली घडीची आरामखुर्ची असेल तर पहिला खरा नग तिचाच करा. एक लांब तुकडा, दोन टोकांना दांडा घालायचे दोन नेफे, आणि कडेला दुमड. फक्त सरळ टिपा. मात्र या टिपांवर माणसाचं पूर्ण वजन येतं, त्यामुळे त्या गंभीरपणे माराव्या लागतात.

जुनं कापड ताणून लोंबलेलं असतं, त्याची लांबी जशीच्या तशी उचलू नका. नवं कॅनव्हासही वापरात थोडं लांबतं, म्हणून जुन्यापेक्षा दीड-दोन इंच आखूड धरा. खात्री करायची तर एका दांड्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरी सोडून पाहा. दोरीचा झोल मधल्या आडव्या लाकडाला टेकता कामा नये, बसल्यावर पाठीला तेच लाकूड लागतं. या तयार लांबीत दोन्ही टोकांना 4-4 इंच वाढवा: 1 इंच आत दुमडायला, 3 इंच मागे वळवायला. रुंदीत दोन्ही बाजूंना 1-1 इंच. उभा धागा, म्हणजे काठाला समांतर जाणारा, खुर्चीच्या लांबीत आला पाहिजे. आडवा कापलेला तुकडा लवकर झोळी होतो.

कडा इंटरलॉक करून घ्या, बाजू 1 इंच एकदाच दुमडून दोन टिपा मारा. दोनदा दुमडायचा मोह आवरा: कडेला तीन थर, त्यावर नेफ्याची घडी, म्हणजे कोपऱ्यात नऊ थर होतात आणि घरचं मशीन तिथे अडतं. त्याच कारणाने नेफ्यात आत जाणारा शेवटचा 1 इंच आहे, तिथली बाजूची दुमड कात्रीने कापून टाका.

आता टोक 1 इंच आत, मग 3 इंच मागे वळवा. या 3 इंचांपैकी कडेच्या 1 इंचात एकमेकींपासून पाव इंचावर तीन समांतर टिपा, दोन्ही शेवटांना उलटी टीप. घडीच्या बाजूला 2 इंचांचा मोकळा नेफा राहतो, त्यात 1 इंच जाडीचा दांडा आरामात जातो. दांडा जाड असेल तर त्याभोवती फडकं गुंडाळून घेर मोजा, त्याच्या निम्म्यात अर्धा इंच मिळवा, तेवढा नेफा ठेवा. जाड घडीवर चढताना फूट मागे कलतो आणि टाके सुटतात. फुटाच्या मागच्या बाजूला त्याच कापडाची घडी सरकवली की फूट सपाट राहतो. तेवढे दोन इंच पायाने नव्हे, हाताने चाक फिरवून शिवा.

खुर्ची लावल्यावर लगेच कोणी बसू नये. आधी 25 किलोच्या तांदळाची गोणी अर्धा तास ठेवा, टिपा ताणून बघा, दांडे आणि खाचा तपासा. वाळवी लागलेल्या दांड्याला नवं कापड वाचवू शकत नाही.

गादीचं माप आणि कटिंग

गादी मोजण्याआधी फोम बघा. मूठ दाबून सोडली की तो लगेच वर यायला हवा. खड्डा तसाच राहत असेल किंवा पिवळा भुगा पडत असेल तर फोम बदला. मेलेल्या फोमवर सुंदर खोळ म्हणजे पायपुसण्यावर जरीचा काठ. बैठकीसाठी 32 ते 40 डेन्सिटीचा मागा, पाठीला हलका चालतो. नुसता थोडा बसला असेल तर वरून फायबरची पातळ शीट गुंडाळून काम भागतं.

माप जुन्या खोळीचं घेऊ नका, ती फुगून पसरलेली असते. चौकटीतली बैठकीची जागा मोजा आणि फोम मोजा. जुना फोम तसाच वापरणार असाल तर तयार खोळ फोमच्याच मापाची. नवा फोम असेल तर लांबी-रुंदीत खोळ अर्धा इंच लहान, म्हणजे ती ताठ बसते आणि सुरकुत्या पडत नाहीत. सैल खोळ महिन्याभरात अंगाबाहेरच्या सदऱ्यासारखी दिसू लागते.

आता एक नेहमीचा सोफा घेऊ: 3+1+1, म्हणजे पाच बैठका, प्रत्येक गादी 22 × 22 इंच, 4 इंच जाड. माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं कापड, सगळीकडे अर्धा इंच.

एका गादीला लागतं ते असं: वरचा आणि खालचा चौकोन, 23 × 23 इंचांचे दोन. चेनच्या बाजूसाठी 29 × साडेतीन इंचांच्या दोन पट्ट्या. उरलेल्या घेरासाठी 63 × 5 इंचांची एक लांब पट्टी. घेर 88 इंच, त्यातला 28 चेनची पट्टी खाते, राहतो 60, त्याला दोन टोकांची माया आणि हातचे 2 इंच. ते हातचे 2 इंच सोडू नका, का ते जोडणीत कळेल.

54 पन्ह्यावर दोन चौकोन शेजारी बसतात, म्हणजे पाच गाद्यांना 115 इंच लांबी. त्यांच्या कडेला उरणाऱ्या 7-8 इंचांच्या पट्ट्यातून एक लांब पट्टी निघते. बाकीच्या चार लांब पट्ट्या आणि चेनच्या दहा पट्ट्या उभ्या धाग्यात लावल्या तर पुढच्या 63 इंचांत बसतात. एकूण 178 इंच, म्हणजे साडेचार मीटरला एक बोट जास्त. आटण्याची भर धरून 5 मीटर घ्या. पाठीच्या उशा यात नाहीत. रेघा किंवा मोठी फुलं जुळवायची असतील तर एका नक्षीच्या अंतराइतकं कापड प्रत्येक ओळीला वाढतं, ते दुकानातच मोजा.

चेन मीटरवर मिळते, 5 नंबरची. गादीला 30 इंच धरून 4 मीटर, आणि रनर (चेन उघडणारा-लावणारा सरकता तुकडा) सहा, कारण एक हरवतोच.

कापण्याआधी सगळे तुकडे उलट्या बाजूला खडूने आखा आणि मोजा. एका गादीची खोळ आधी जुन्या डबलबेडच्या चादरीतून शिवून फोमवर चढवून पाहा. त्या चादरीवर झालेली चूक फुकटात पडते, आणि खोळ वाया जात नाही, ती आतला अभ्रा म्हणून वापरता येते. चौकोन नीट बसलाय का ते कळायला कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर कापड तिरकं गेलं आहे.

चेन

याच टप्प्याला लोक घाबरतात, आणि खरं तर हा सगळ्यात यांत्रिक भाग. साडेतीन इंची दोन पट्ट्या सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून एका लांब कडेपासून 1 इंचावर, मशीनच्या सगळ्यात लांब टाक्याने कच्ची टीप मारा. ही नंतर उसवायची आहे, उलटी टीप नको. माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. पट्टी आता बरोबर 5 इंच रुंद झाली.

उलट्या बाजूने, चेन पालथी, तिचे दात कच्च्या टिपेच्या बरोबर वर ठेवा आणि हाताने धावदोरा घालून टाचा. रनर अजून घालायचा नाही. मशीनला एकेरी, म्हणजे सुईच्या एकाच बाजूला दाबणारा, फूट लावा, साधा फूट दातांवर चढतो आणि टीप वाकडी जाते. सुलट्या बाजूने मधल्या रेषेपासून दोन्हीकडे तीन सूत, म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश, अंतरावर खडूने रेघ मारून टिपा मारा. मग धावदोरा काढा आणि मधली कच्ची टीप उसवा. दोन कापडांच्या मिशीखाली चेन झाकलेली दिसेल.

रनर घालायला स्वयंपाकघरातला काटा कामाचा. काटा उभा धरून रनर त्याच्या दातात अडकवा म्हणजे तो हलत नाही. मग चेनची दोन्ही टोकं रनरच्या दोन तोंडांत एकदमच, सारख्या लांबीवर सरकवा आणि खाली ओढा. एक बाजू पुढे गेली तर चेन उघडते पण लागत नाही. पुन्हा काढा, पुन्हा घाला. जमल्यावर दोन्ही टोकांवर आडव्या तीन-चार टिपा मारून रनर कैद करा.

चेनची पट्टी 28 इंचांची आणि गादी 22 ची, असं का? चेन मागच्या बाजूने दोन्ही कोपऱ्यांना वळसा घालून 3-3 इंच पुढे जाते. फक्त मागच्या बाजूइतकीच ठेवली तर 22 इंची फोम तितक्याच तोंडातून आत ढकलताना कोपऱ्याची शिवण उसवते.

जोडणी आणि कोपरे

लांब पट्टीचं एक टोक चेनच्या पट्टीला जोडा. दुसरं मोकळं सोडा. चौकोनाच्या मागच्या कडेवर चेनची पट्टी मधोमध येईल अशी टाचा, सुलट्या बाजू समोरासमोर, पट्टी वर. मोकळ्या टोकापासून 2 इंच सोडून शिवायला सुरुवात करा आणि कोपऱ्याकडे चला.

कोपरा असा. चौकोनाच्या कोपऱ्यावर दोन्ही कडांपासून अर्ध्या इंचावर आधीच ठिपका काढलेला असू द्या. पट्टी जिथे त्या ठिपक्यावर येते, तिथे पट्टीच्या मायेत तीन सूत खोल एक काप द्या, फक्त पट्टीत, चौकोनात नव्हे. काप टिपेच्या रेषेच्या एक सूत आधी थांबला पाहिजे. ठिपक्यापर्यंत शिवा, सुई खाली, फूट वर. पट्टी कापाजवळ उघडते आणि काटकोनात वळते. कापड फिरवा, खाली पट्टीची चुणी सापडली नाही ना हे बोटाने चाचपा, फूट खाली, पुढे. काप न देता वळवलं तर कोपऱ्यात कायमची चुणी. काप टिपेपलीकडे गेला तर कोपऱ्यात भोक. प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर दुसरी टीप त्याच रेषेवर मारा, गादी ओढताना पहिला ताण तिथेच येतो.

फिरून परत सुरुवातीपाशी आलात की 2 इंच आधी थांबा. आता पट्टीचं खरं माप कळतं: दोन्ही टोकं जिथे भेटतात तिथे खूण करा, अर्धा इंच माया ठेवून जादा कापा, टोकं जोडा, उरलेले इंच शिवून टाका. हातचे 2 इंच यासाठीच होते. आधीच अचूक गोल जोडून ठेवणाऱ्याला शेवटी पाव इंच कमी किंवा जास्त हमखास येतं.

दुसरा चौकोन लावायच्या आधी दोन कामं. पहिलं, पहिल्या चौकोनाचे चारही कोपरे पट्टीवर जिथे आलेत तिथून काटकोन्याने सरळ खाली रेघ ओढून पट्टीच्या दुसऱ्या कडेवर खुणा करा. दुसऱ्या चौकोनाचे कोपरे याच खुणांवर बसले पाहिजेत. हे न केल्यास खोळ पिळते: मशीनचे दात खालचं कापड किंचित जास्त ओढतात, वरचं फुटाखाली मागे राहतं, बाजूगणिक एक-दोन सूत साचत जातात आणि शेवटी वरचा कोपरा खालच्याच्या अर्धा इंच पुढे. मग गादी कशीही ठेवा, तिरकीच दिसते. शिवणातले सगळे दोष इस्त्रीने थोडेफार झाकले जातात, हा झाकला जात नाही.

दुसरं काम, चेन निम्मी उघडा. बंद चेनसकट दुसरा चौकोन शिवला की खोळ आतून बाहेर काढायला दारच नाही. अनुभवी हातांकडूनही हे होतं.

शिवून झाल्यावर कडा इंटरलॉक, कोपऱ्यातली माया तिरपी छाटून हलकी करा, खोळ उलटवा आणि कोपरे बोथट काडीने बाहेर काढा. कात्रीच्या टोकाने नको.

फोम चढवायला त्याला पातळ प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घाला, घडी घालून खोळीत सरकवा, कोपऱ्यांत बसवा आणि मग पिशवी फाडून ओढून काढा. प्लॅस्टिकशिवाय फोम सुती कापडाला चिकटून अर्ध्यावर अडतो.

गोट

कडेने गोट, म्हणजे पायपिंग, लावला की घरच्या कामाला दुकानाची सफाई येते, आणि किंचित वाकडी टीपही त्यात झाकते. तरी पहिली खोळ बिनगोटाचीच करा. पाच गाद्यांना वर-खाली मिळून 880 इंच, साधारण 23-24 मीटर सुती दोरी आणि 44 पन्ह्याचं 1 मीटर कापड पुरतं. पट्टी उरेब कापायची, म्हणजे काठाशी 45 अंशात, दीड इंच रुंद. सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यावर वळत नाही, चुरगळते. दोरी मध्ये घालून एकेरी फुटाने तिला लगटून टीप मारा. गोट आधी चौकोनाला लावा, कोपऱ्यावर मायेत तीन-चार बारीक काप देऊन. मग वर पट्टी ठेवून, चौकोनाच्या बाजूला दिसणाऱ्या पहिल्या टिपेच्या एक धागा आतून शिवा. बाहेरून गेलं तर पहिली टीप सुलट्या बाजूला दात दाखवते.

डायनिंगच्या खुर्च्या

इथे शिवण जवळजवळ नाही. बैठक सहसा खालून चार स्क्रूंनी धरलेली असते. ती सुटी करा, जुन्या पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटा. कापड बैठकीपेक्षा चारही बाजूंनी 3 इंच मोठं. पालथं ठेवून चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारा, पुढे-मागे, मग डावी-उजवी, आणि मध्याकडून कोपऱ्यांकडे जा. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर सगळा झोल मध्ये साठतो. स्टेपल गनच्या पिना 8 ते 10 मिलिमीटरच्या. स्क्रूची भोकं कापडाखाली जाऊ देऊ नका, नाहीतर बैठक परत लावताना ती शोधत बसाल.

पावसाळ्यासाठी

कोकणात आणि मुंबईत जूननंतर फोम ओल धरतो आणि खोळीतून वास यायला लागतो. मांजरपाटाचा आतला अभ्रा, चादरीची ती सरावाची खोळ सुद्धा, इथे उपयोगी पडते: बाहेरची खोळ धुवायला काढताना फोमचा भुगा उडत नाही आणि ती सहज निघते-चढते. खोळ धुताना चेन लावून, उलटी करून धुवा. वाळवताना चेन उघडी ठेवा. कोपऱ्यांतली जाड माया सगळ्यात शेवटी वाळते. ती हाताला कोरडी लागल्याशिवाय खोळ फोमवर चढवू नका.